एंटरकाका आणि बांगड्यांचे रुमाल

हिंगणघाटात आवाजाचा धंदा करणारे पुष्कळ होते, पण आवाज बंद पाडण्याची हौस असलेला माणूस एकच, आमचे एंटरकाका. लग्नात कर्णे लावून अख्ख्या गल्लीचे कान किटवणारा हा माणूस भजन रेकॉर्ड करायला आला की आधी पंखे बंद करी, मग भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून खिशात टाकी, आणि शेवटी कोपऱ्यातल्या पालीकडे अशा नजरेने बघे की तीही ट्यूबलाइटमागे सरकून गप्प बसे.

काका आधी सूतगिरणीत इलेक्ट्रिशियन होते, नंतर त्यांनी लाउडस्पीकरचं दुकान टाकलं. दोन हजार सालानंतर कधीतरी नागपूरच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून त्यांनी आठ माइक जोडता येतील अशी पेटी आणली आणि एका जुनाट कॉम्प्युटरला लावली. आम्ही मोठ्या आशेने बघायला गेलो. वाटलं, पडद्यावर रंगीत पट्ट्या नाचतील. होता नुसता काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, शाळेच्या वहीत बघून एका बोटाने लांबलचक ओळ टाइप केली, मग तेच बोट छतापर्यंत उचलून एंटरवर आणलं. पडद्यावर काहीही झालं नाही.

"काका, काय झालं?"

"चालू झालं. खामोश."

त्या दिवसापासून ते एंटरकाका.

खरं म्हणजे माउसवाले प्रोग्राम त्यांच्या मशीनला झेपत नव्हते. पण काकांनी या नाइलाजाचं तत्त्वज्ञान करून टाकलं होतं. "ते खिडक्यावाले प्रोग्राम बहुत चिकट," ते सांगत. "खरंच करू का, नक्की करू का, इचारून इचारून डोकं खातेत. हे नाई इचारत. हुकूम देल्ला का काम."

आठ माइकांचा उपयोगही ते असाच समजावत. "आठ माइक म्हंजे आठ खोल्या, मधात भिंती. कोणी बेसूर झालं तं त्याची खोली बंद करून टाकाची. त्याले पत्ताबी लागत नाई." आमच्या नातेवाइकांच्या बैठकीला अशी सोय असती तर किती संसार वाचले असते, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

माझी आई आमच्या गल्लीतल्या महिला भजन मंडळात मुख्य गाणारी. तिच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, नंतर बोलता येईल, गाण्याचं विसरा. ऑपरेशनला चार दिवस होते. मी काकांकडे गेलो. त्यांनी लगेच वही काढली.

दुपारी देवळाच्या सभामंडपात माइक लागले. पाच गळे, बाजाची पेटी, ढोलकी आणि टाळ. आई तिसऱ्या माइकवर. काकांनी हेडफोन लावला आणि कपाळाला हात लावला. बांगड्या. सगळ्याजणी टाळी देणार आणि आठही खोल्यांत काच वाजणार. बांगड्या काढा म्हणायची तर सोय नव्हती. काका दुकानात जाऊन रुमाल घेऊन आले आणि मनगटांवर बांधायला लावले.

"काऊन वो, आमी काय कुस्तीले चाललो का?" ढोलकीवाल्या राधाकाकू म्हणाल्या.

"बांधा ना बाई. काच बोलते मधात."

आई गायली. मी तिला जन्मभर ऐकत आलो होतो, पण त्या दुपारी तिने काहीच राखून ठेवलं नाही. काकांनी हेडफोन काढला आणि बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, "वहिनी, एक आणखी घेऊन ठेवू. जोडीला असलेलं बरं."

दुसऱ्या वेळी दोन कडव्यांनंतर आईचा आवाज फाटला. ती नुसती टाळी देत राहिली, बाकीच्यांनी भजन पुरं केलं. आता तिसऱ्यांदा गाणं शक्यच नव्हतं.

मग काका पहिलं ऐकवायला बसले. वाजलं ते दुसरं. त्यांनी वही बघितली, पडदा बघितला, पुन्हा वही. मला वाटलं, नाटक करताहेत. पण दुसऱ्या वेळी लांबलचक ओळ परत टाइप करायचा कंटाळा म्हणून त्यांनी वरचा बाण दाबून आधीचाच हुकूम परत दिला होता. त्यात फाइलीचं नाव जुनंच राहिलं. पहिल्या गाण्यावर दुसरं बसलं.

"पह्यलं गेलं," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "माह्याच हातानं गेलं."

"मशीननं इचारलं नाई का?" राधाकाकूंनी विचारलं.

"नाई बाई. इचारत नाई म्हणूनच तं आवडत होतं मले."

आईने मनगटावरचा रुमाल सोडला, नीट घडी घातली आणि बसक्या आवाजात म्हणाली, "भाऊजी, आमच्या बांगड्यायवर एवढी नजर, अन् सोताच्या बोटावर नाई. चहा पिऊन जाजा."

काका चहा प्यायले, पण वर बघितलं नाही.

ऑपरेशननंतर ते सीडी घेऊन आले. मंडळाची एक, तिसऱ्या माइकची वेगळी. दारातच उभे राहिले. तिसऱ्या माइकची मी आधीच त्यांच्या दुकानात ऐकली होती, म्हणून म्हणालो, "काका, आईचा रुमाल सरकला होता वाटतं. आवाज थांबल्यावर नुसत्या बांगड्या ऐकू येतात. त्या काढता येतील का?"

"येतील," काका म्हणाले. "पण मी काढणार नाई. तिथून पुढं वहिनी बांगड्यायतच हायेत. एक टाळी चुकली नाई त्यायची."

त्यानंतर मंडळात कोणाचंही काही रेकॉर्ड करायचं असलं, की काका एंटरवरचं बोट हवेत थांबवून मोठ्याने विचारत, "नाव बदललं का?" आणि सगळ्या बायका एका सुरात "बदललं" म्हणेपर्यंत ते बोट खाली येत नसे. मशीन विचारत नव्हतं, म्हणून ते विचारायला लागले. मीही आता माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर काही सेव्ह करताना "नाव बदललं का?" असं पुटपुटतो. मुलं हसतात.

आई गेली, मग काकाही गेले. तिसऱ्या माइकची सीडी कधीमधी लावतो. दोन कडवी आई, मग फक्त काच, शेवटच्या टाळीपर्यंत. त्यानंतर, काकांनी रेकॉर्डिंग बंद करण्याआधी, लांबून त्यांचा आवाज येतो. धीर देणारा, खुशीतला.

"फिकर नोका करू वहिनी. पह्यलं हाय आपल्यापाशी."