आई रमली का, त्याचं उत्तर

कऱ्हाडच्या घराला कुलूप लावून आईने किल्ली शेजारच्या वहिनींच्या हातात ठेवली आणि त्यांच्यादेखत मला बजावलं, "तीन महिने बघते. नाही रमले तर परत येणार. मग रडारड नको." बाबा गेल्यावर तिने एकटं राहू नये म्हणून मी तिला अबू धाबीला नेत होते. ती कायमची माझ्याकडेच राहावी, एवढंच मला हवं होतं.

आई रमली का, असं तुम्ही सगळे नातेवाईक फोनवर विचारत होतात, म्हणून नीट सांगते.

खलिफा सिटीतल्या व्हिलात मी जय्यत तयारी केली होती. तळमजल्यावरची खोली, बाथरूममध्ये धरायला दांडी, मराठी चॅनल. मॉल, समुद्र, मंदिर, सगळं शेड्यूलप्रमाणे दाखवून झालं. दुसरा महिना संपता संपता आई म्हणाली, "छान आहे गं सगळं. आता माझं तिकीट बघ."

शेवटचा उपाय म्हणून मी एक कॅम्पर भाड्याने घेतला. गाडीतच ओटा, पलंग, संडास. उत्तरेच्या डोंगरात दोन रात्री राहायचं. नवऱ्याला रजा नव्हती, तेव्हा चालवणार मीच.

"एवढं घर सोडून गाडीत झोपायचं? कुणी बघितलं तर?"

"आजी, नोबडी नोज अस देअर," माझा मुलगा ईशान म्हणाला.

"इथे तरी कोण ओळखतंय?" आई पुटपुटली.

वाळवंट संपलं, मसाफीच्या रस्त्यावरची फळांची आणि गालिच्यांची दुकानं मागे पडली, डोंगर सुरू झाले. ना झाड, ना गवत. आई म्हणाली, "देवाने इथलं काम अर्धंच सोडलंय." दिब्बा गावाच्या अलीकडे, एका कोरड्या नदीच्या पात्राशेजारी आणखी काही कुटुंबं उतरली होती. मीही तिथेच गाडी लावली.

संध्याकाळी आई परात घेऊन कॅम्परच्या पायरीवर बसली. थालीपिठाचा वास सुटला तशी शेजारच्या तंबूतली इजिप्शियन बाई आली, पाठोपाठ एका मल्याळी घरातली मुलं. बाई अरबीत बोलत होती, आई मराठीत. मी भाषांतराला धावले.

"तू आत जा गं. आमचं चाललंय."

मी गेले. आत भांडी घासताना ऐकत होते. दोघी लेकींबद्दल बोलत असाव्यात, इतक्या हसत होत्या.

परतीच्या सकाळी आईच त्या बाईकडून उचललेल्या अरबीत म्हणाली, "यल्ला, चल, काढ गाडी." घरी पोचल्यावर तिने स्वतः एक खुर्ची ओढत फाटकाबाहेर नेली आणि रोज संध्याकाळी येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलत तिथे बसू लागली. महिन्याअखेरीस मी भीत भीत तिकिटाचं विचारलं.

"उद्या समोरच्या घरातली थालीपीठ शिकायला येणारे. कशी जाऊ?"

इतकी वर्षं या गल्लीत मी नुसता व्हिला नंबर होते. परवा किराणा आणणाऱ्याला फोनवर पत्ता सांगत होते. त्याने मला मध्येच तोडलं. "नंबर छोड़िए मॅडम. आजीवाला घर ना?"

हो, म्हटलं. तेच आमचं घर.