सारवलेलं पाऊल

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्यतृतीयेसाठी, मला माहेरी न्यायला माझा धाकटा भाऊ धामणगाव बढ्याहून चालत आला होता. त्या दिवशी मोताळ्याचा बाजार. मी सकाळी मधलं घर सारवलं, दार नुसतं लोटलं आणि सासूबरोबर बाजाराला गेले. भाऊ बाहेर ओसरीवर झोपला. मेला एकदा झोपला की कानाशी ढोल वाजवा, उठायचा नाही!

दुपारी परतलो तर संदूक फोडलेली. सासूची पोत आणि पाटल्या गेलेल्या. आत आधी मी शिरले होते. संदुकीपाशी सारवणात एक उजवं पाऊल उमटून वाळलेलं. बोटं चारच. करंगळीच्या जागी काहीच नाही. "पाऊल आहे वं आत्याबाई!" मी सासूला ओरडून सांगितलं.

चौकीत माणूस धाडला. फौजदार येणार म्हटल्यावर सासू कडाडली, "सरकारी मानूस घरात येऊन राह्यला, अन् चोराचं पाऊल तसंच ठिवतं काय? सारव पह्यले!" चोराचं पाऊल घरात राहिलं तर तो फिरून येतो, असं आमच्याकडे म्हणत. मी शेण कालवलं आणि हात फिरवला. खोटं कशाला बोलू, छान सारवलं होतं.

फौजदार तरणा, नवीन शिकून आलेला. उंबऱ्यातच थबकला. "हे कोणी सारवलं?"

"मी."

त्यानं कपाळाला हात लावला. जमादाराजवळ पांढऱ्या भुकटीचा डबा होता. ती पाण्यात कालवून पावलात ओततात, घट्ट झाली की साचा निघतो, मग संशयिताचं पाऊल त्याशी ताडून पाहतात, असं फौजदारानं मला समजावलं. बोटांचे ठसे घ्यावेत, तर सारवून झाल्यावर बघायला जमलेल्या अर्ध्या गल्लीनं संदुकीला हात लावलेले. "जागेला हात लावायचा नसतो, बाई. जागाच साक्ष देते." आता सांगतोस होय रे बाबा, असं मनात आलं. डबा उघडलाच नाही.

घरी कोण होतं? एकटा माझा भाऊ.

"साहेब, बोटं चार होती! याची पाचही आहेत, पाहा ना!"

"तू बहीण त्याची. आणखी कोणी पाहिलं?"

पंचनाम्याला बोलावलेले पंच म्हणाले, आम्ही आलो तेव्हा सारवलेलंच होतं. सासू म्हणाली, "मले तं काई दिसलं नाही." तिची नजर अधू होती, ती खरंच बोलत होती. भावाला नेताना तो वळून म्हणाला, "ताई, तू पाह्यलं ना? मंग सांग ना त्याहिले!" सांगितलं रे, घसा फुटेस्तोवर सांगितलं. पण दाखवू काय? माझ्याच हाताची बोटं उमटली होती तिथं.

काही महिन्यांनी पुरावा नाही म्हणून तो सुटला. चोर सापडला नाही. कचेरीनं सोडला, पण लोकांनी थोडाच सोडला! त्याची ठरलेली सोयरीक मोडली. वर्षभर कोणी पोरगी दाखवली नाही.

पुढच्या आखाजीला तो मला न्यायला आला, तो अंगणातच उभा राहिला. मी सवयीनं म्हणून गेले, "आत ये ना रे, आताच सारवलं."

त्यानं आपल्या पायांकडे पाहिलं.

"नको ताई. पाऊल उमटन."