दुसरा भाग निघूच नये, असं ती म्हणायची

सिनेमा अडीच तासांचा होता आणि त्यावरचं आमचं भांडण जवळजवळ वर्षभर चाललं. जागा ठरलेली: कंपनीच्या कँटीनचं शेवटचं टेबल. वेळही ठरलेली, जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी. आम्ही तिघी. मी केडगावची, मैत्रीण वडगाव रासाईची, दोघी गाड्यांच्या वायरिंगच्या एकाच लाईनवर. तिसरी पाबळची ट्रेनी पोरगी. कंपनीच्या जपानी साहेबांशी बोलता यावं म्हणून ती कंपनीच्या वर्गात जपानी शिकत होती. हिंदीत डब केलेला तो जपानी सिनेमा तिनंच आमच्या गळ्यात मारला.

गोष्ट जुन्या काळातली. एका सरदाराच्या घरातली तरुण विधवा आणि नदीपलीकडचा कापड रंगवणारा कारागीर. अख्ख्या सिनेमात ते एकमेकांना हातसुद्धा लावत नाहीत. एकदा तिच्या ओल्या चपला तो चुलीजवळ सरकवून ठेवतो, तेवढंच. त्या चपलांवर आम्ही आठवडाभर बोललो. शेवटी ती डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घालून, पडत्या बर्फात, लाकडी पुलावरून एकटीच पलीकडं चालत जाते. तो दिसतच नाही, आणि सिनेमा संपतो.

"लग्नाला चालली," मी पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला. आम्ही बौद्ध. माझं लग्न पांढऱ्या साडीत झालं, आईचं झालं, बहिणींची झाली. अशी पांढरीशुभ्र नटलेली बाई दिसली की मला मंडपच आठवतो. यात शंका घेण्यासारखं काय आहे, हेच मला कळेना.

मैत्रिणीनं हातातला घास खाली ठेवला. "कसलं लगीन? त्यो मेला आसंल. न्हाईतर ही तरी जीव द्यायला चालली आसंल. पांढरं कोन घालतं लग्नात?"

"आम्ही घालतो," मी म्हणाले.

ती ओशाळली, पण मत काही सोडलं नाही. मीही सोडलं नाही. माझा स्वभाव तसा वाईटच आहे, वादात हरले तर मला जेवण जात नाही.

मग पाबळच्या पोरीनं बातमी आणली की दिग्दर्शक दुसऱ्या भागाचा विचार करतोय. त्या सिनेमाच्या चाहत्यांचा एक ऑनलाइन ग्रुप होता, त्यावर तिनं आमचं भांडण मोडक्यातोडक्या जपानीत लिहून टाकलं. तिकडून एका बाईचं उत्तर आलं. त्यांच्याकडं नवरी पांढरं नेसते आणि मेलेल्या माणसालाही पांढरंच नेसवतात, म्हणून आम्हीही इकडं भांडतोय, असं तिनं लिहिलं होतं. आम्ही दोघींनी आपापला विजय झाला असं धरून चालायचं ठरवलं.

मी तर दुसऱ्या भागाची गोष्टच रचायला घेतली. पुलापलीकडं त्यांचं घर, अंगणात वाळत घातलेली निळी कापडं. मैत्रीण ऐकून घ्यायची आणि दरवेळी एकच बोलायची, "दुसरा भाग निघूच नये."

"का पण?"

"पुलावर हाय तवर बरी हाय ती. पलीकडं गेली की मागं ऱ्हायलेल्यांचं काय झालं, ते बी दाखवावं लागंल."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. सात वर्षांपूर्वी तिचा नवरा अपघातात गेला. घरी सहावीतली मुलगी आणि सासरे. त्यांना सगळे आबा म्हणतात. शेवंतीचा मळा आहे त्यांचा. चार महिन्यांपूर्वी दौंडच्या शाळेतल्या एका क्लार्कनं नातेवाइकाकरवी तिला विचारलं होतं. त्याचीही बायको वारलेली, माणूस भला, मुलीला सांभाळतो म्हणाला होता. तिला तो आवडलाही होता, पण तिनं होकार दिला नव्हता की नकार. हे सगळं मला माहीत होतं, तरी ती सिनेमाबद्दलच बोलतेय असं धरून मी इतके दिवस वाद घालत बसले. माझी मलाच लाज वाटली.

"आबांना विचारलंस का?" मी म्हणाले.

"कुठल्या तोंडानं इचारू? लेक गेला, आता सून बी चालली म्हनू?"

डिसेंबरात केडगावच्या विहारात माझ्या भाचीचं लग्न होतं. इतकी वर्षं शेजारी बसून काम केलं, पण आमच्यातलं लग्न तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती मुलीला घेऊन आली, सोबत आबांनी दिलेली पांढऱ्या शेवंतीची पाटी. आमच्यात अक्षतांऐवजी फुलं टाकतात, हे तिनं त्यांना सांगितलं होतं. फुलं पुढं दिली आणि स्वतः मात्र पार मागं, खांबाला टेकून उभी राहिली. नवरा गेल्यापासून लग्नात तिची तीच जागा. मी तणतणत तिच्याकडं निघाले, तेवढ्यात माझ्या वहिनीनं पाकळ्यांचं ताट तिच्या हातात दिलं आणि "चला, नवरीजवळ उभ्या ऱ्हावा," म्हणत तिला पुढं नेलं. वहिनीला तिच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं, आणि तिनं काही विचारलंही नाही.

मंगलगाथा झाल्यावर पाकळ्या पडल्या. मैत्रीण पांढऱ्या साडीतल्या माझ्या भाचीकडं बघत राहिली. तिची मुलगी ओंजळी भरभरून फुलं उधळत होती. स्टँडवर सोडायला गेले तेव्हा मैत्रीण एवढंच म्हणाली, "सात वर्सांत लग्नात पुढं उभी ऱ्हायलेच न्हवते."

सोमवारी टेबलावर बसताक्षणी ती पाबळच्या पोरीला म्हणाली, "लिही त्या ग्रुपवर, दुसरा भाग काढा म्हनावं. आन् त्यात तिच्या सासऱ्याला बी दाखवा."

मग माझ्याकडं वळून हळूच सांगितलं, "काल आबांना सगळं बोलले. त्यांनी समदं ऐकून घेतलं. उठून मळ्यात गेले."

तो आठवडा आम्ही सिनेमाचा विषय काढला नाही. तिला डबा जात नव्हता, आणि मलाही.

शनिवारी दुपारी आबा एकटेच माझ्या दारात उभे. चहा घेतला, थंडीबद्दल बोलले, पुन्हा थंडीबद्दलच बोलले. मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

"उद्या दौंडला जायाचं हाय, त्या पावन्याकडं. पोरीकडनं मी बसनार. संगं बाईमानूस पायजे, तुम्ही याल का, ताई?"

"येते की, आबा," मी म्हणाले.

त्यांनी मांडीवरची टोपी सरळ केली. "मला पोटची पोरगी न्हवती," ते म्हणाले. "पोरगी देताना काय काय इचारून घेत्यात, तेवढं मला आज सांगून ठेवा."