सारखेरावांची शेवटची भट्टी

सारखेरावांना हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण का ठेवलं ते गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. या माणसाला जगात सगळं सारखं लागायचं. चहा ओतताना एक डोळा मिटून ते दोन्ही कपांतली पातळी बघायचे, जास्त भरलेल्या कपातला घोटभर चहा कमी भरलेल्यात ओतायचे, मग परत उलटा. पाहुण्याच्या हातात कप पडेपर्यंत चहाचं सरबत झालेलं असायचं. खिडकीचा पडदा एका बाजूने बोटभर उतरला असला तर यांना घास उतरत नसे. लग्नात फोटो काढायची वेळ आली, तेव्हा नवरी बुटकी दिसते म्हणून हा पठ्ठ्या तिच्या पायाखाली ठेवायला वीट शोधत फिरला. "नशीब मी बुटकी होते," ती पुढे जन्मभर सांगत राहिली. "उंच असते तर पाय छाटले असते यांनी."

घरात हा सोस कितीही जाचक असला, तरी धंद्यात त्याचं सोनं झालं. सारखेराव विटा भाजायच्या भट्ट्या बांधत. भट्टी म्हणजे मोठी चूल, असं ज्याला वाटतं त्याने साधी भट्टी उघडताना एकदा बघावी. आगीशेजारच्या विटा वितळून एकमेकींना चिकटलेल्या, त्यांना खंगर म्हणतात. लांबच्या कोपऱ्यातल्या इतक्या कच्च्या, की दोन पावसांत त्यांची पुन्हा माती व्हावी. मधल्या तेवढ्या कामाच्या. सारखेरावांच्या भट्टीत मात्र कोपरा आणि मध्य असा भेदभाव नसे.

"आग माणसासारखीच आळशी," ते म्हणायचे. "सोपी वाट दिसली की तिथूनच पळते. तिला लांबून फिरवून आणायला लागतं." म्हणून त्यांच्या भट्टीत जाळ आधी एका आडव्या भिंतीला थटून वर चढायचा, घुमटाला धडकायचा, तिथून विटांच्या रांगांमधून खाली उतरायचा आणि जमिनीतल्या भोकांतून धुराड्याकडे निघायचा. भिंती दुहेरी, मध्ये राख भरलेली. घुमटाला बाहेरून लोखंडी पट्टे, पण ते अंमळ सैल. तापली की भट्टी फुगते, आणि फुगलेल्याला आवळलं की तडा जातो, हे ते प्रत्येक मालकाला समजावून सांगत. "एवढं कळतं तर घरी का वळत नाही?" असं बायको विचारायची, आणि मग त्या दिवसाचं भांडण सुरू व्हायचं.

त्यांची आणखी एक खोड होती. नवी भट्टी पहिल्यांदा भाजून निघाली, की चार कोपऱ्यांतली आणि मधली एकेक वीट काढून ते दुसऱ्या विटेवर वाजवून बघत. पक्की वीट खणखणते, कच्ची बद्द वाजते. पाची विटा सारख्या खणखणल्या, की मगच स्वतःच्या अंगठ्याचा ठसा उमटवलेली वीट ते दाराच्या कमानीवर बसवत. ती बसेपर्यंत भट्टी मालकाची नाही, त्यांची. वाटेल तेव्हा मोडून पुन्हा बांधणार. ही अट ऐकून मालक लोक नाकं मुरडायचे, पण सारखेरावांच्या भट्ट्या वर्षानुवर्षं तडा न जाता उभ्या राहत, त्यामुळे मुरडलेली नाकं मुकाट्याने सरळ व्हायची.

अलीकडे दोनेक वर्षांत सारखेराव एकदम मवाळ झाले होते. मोठी कामं थांबली होती, डागडुजी तेवढी चालायची. आणि नवरा-बायकोची भांडणं, जी ऐकण्यासाठी शेजारी आपला रेडिओ बारीक करत, ती साफ बंद पडली होती. बायको काही बोलली की हे मान डोलावायचे. "हं," म्हणायचे. बस्स.

"तुझे बाबा सुधारले गं," बायकोने लेकीला फोनवर कळवलं.

"त्यांची तब्येत बरी आहे ना?" लेक घाबरून म्हणाली.

पण सुख दारात आलं की त्याची झडती कोण घेतं? बायकोने भांडी घासता घासता, पाठमोरीच, विचारलं, "घराला हिरवा रंग देऊ या का?" यांनी मान डोलावली. एका डागडुजीवरून परत आले तर घर पोपटासारखं झालेलं. ते दारात थबकले, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एक शब्द न बोलता आत गेले. आवडला वाटतं, असं म्हणून तिने त्यांना त्या दिवशी दोनदा चहा दिला.

मग ही मोठी भट्टी आली. नदीपलीकडच्या विटांच्या कारखान्याची मालकीण स्वतः बोलवायला आली होती. ती गेल्यावर बायको पुन्हा पाठमोरीच म्हणाली, "एवढी बांधा, पण ही शेवटची. मग लेकीच्या गावाला जाऊन राहायचं. कबूल?" सारखेराव कपांतला चहा सारखा करत होते. त्यांनी मान डोलावली. बायकोला इतका आनंद झाला की दुसऱ्याच दिवशी तिने वरच्या फळीवरची भांडी कागदात गुंडाळायला घेतली.

भट्टी उभी राहिली, देखणी झाली, भाजली गेली, थंड झाली. सारखेरावांनी पाच विटा काढल्या. वाजवल्या. त्यांचा चेहरा पडला.

"बद्द," ते म्हणाले.

भट्टी पेटवणारा काजळ्या शेजारीच उभा होता. आयुष्य आगीपुढे गेल्याने त्याचं हे नाव पडलं होतं. त्याला वीट चांगली वाटली होती. पण सारखेराव बद्द म्हणतात म्हणजे त्यांना काहीतरी बारीक ऐकू येत असणार, जे आपल्यासारख्याच्या कानाला कळायचं नाही, असं त्याने ठरवलं. त्याने वीट हातात घेतली, मान तिरकी करून वाजवली आणि म्हणाला, "हो की. जरा बद्दच." मग बाकीच्यांनाही बद्द ऐकू यायला लागलं. मोठ्या माणसाच्या शेजारी उभं राहिलं की असं होतं.

सारखेरावांनी धुराडं उंच केलं. पुन्हा भाजणी. बद्द. जमिनीतली भोकं रुंद केली. बद्द. आडवी भिंत पाडून नवी बांधली. बद्द ती बद्दच. त्यांची झोप उडाली. इतक्या वर्षांत असा घोटाळा कधी झाला नव्हता, आणि झाला तो नेमका सगळ्यांत मोठ्या भट्टीत. अंगठ्याच्या ठशाची वीट तयार होऊन कोपऱ्यात धूळ खात पडली होती. तिच्याकडे बघायचं ते टाळायला लागले.

मालकीण डोकं धरून बसली. तिच्या विटा हातोहात जात होत्या. तिने सारखेरावांच्या समोर एका विटेवर खिळा करकरून ओढला. वीट जशीच्या तशी, खिळ्याचं टोक बोथट.

"अहो, आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

"खिळ्याला काय कळतंय," सारखेराव म्हणाले. "घुमटाचा बाक चुकलाय. घुमट उतरवणार."

घुमट उतरवायचा म्हणजे सगळी भट्टीच मोडायची. मालकीण तडक त्यांच्या घरी गेली आणि बायकोला म्हणाली, "तुमच्या यजमानांना आवरा हो. सोन्यासारखी भट्टी मोडायला निघालेत."

बायकोच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, फक्त भलत्याच ठिकाणी. शेवटची भट्टी म्हणून कबूल केलं, आता शेवट होऊ नये म्हणून तीच ती परत बांधतायत! कागदात गुंडाळलेल्या भांड्यांकडे बघून तिचा संताप संताप झाला. जेवणाचा डबा भरायला ती तरीही विसरली नाही, कारण राग वेगळा आणि भूक वेगळी. डबा घेऊन ती मालकिणीबरोबर निघाली.

तिथे पहारी घेऊन माणसं घुमटावर चढलेली होती. सावलीत कारखान्याचं म्हातारं कुत्रं पसरलं होतं. सारखेराव खाली उभे राहून कुठून सुरुवात करायची ते हाताने दाखवत होते.

"अहो, शब्द दिला होतात ना मला?" बायको म्हणाली.

सारखेराव वळले. "तू कशाला आलीस? बघ ना, एकही वीट धड वाजत नाही. सगळ्या बद्द."

तिने डबा खाली ठेवला. विटांचा आवाज तिला काही नवा नव्हता. दर भट्टीनंतर हे पाच विटा घरी आणून कौतुकाने तिला वाजवून दाखवत, आणि ती "झालं का तुमचं गाणं?" म्हणत कान झाकून घेई. तिने रागारागाने दोन विटा उचलल्या आणि एकमेकींवर आपटल्या.

कुत्रं धडपडून उठून बसलं.

सारखेरावांनी ते बघितलं. त्यांना स्वतःला नेहमीचाच मेलेला, मातीत रुतल्यासारखा आवाज आला होता.

"खणखणीत तर वाजतायत!" बायको म्हणाली आणि तिने पुन्हा विटा आपटल्या. कुत्र्याचे कान ताठ झाले, आणि ते त्या विटांवर जीव तोडून भुंकायला लागलं.

सारखेरावांनी काजळ्याकडे बघितलं. काजळ्याने नजर खाली घातली. घुमटावरच्या माणसांनी पहारी हळूच मागे घेतल्या. कुत्र्यावर मात्र सारखेरावांच्या नावाचा काही दबाव नव्हता. ते भुंकतच राहिलं.

"पुन्हा वाजव," सारखेराव म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता.

तिने वाजवल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मग ते तिथेच विटांच्या ढिगावर बसले.

"मला नाही ऐकू येत गं," ते म्हणाले. "भट्टी बरोबर आहे. मीच बद्द झालोय."

चारचौघांत रडायचं नाही म्हणून सारखेराव आपल्या चपलांकडे बघत राहिले. त्यांना त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बायकोचा राग कुठल्या कुठे गेला. ती त्यांच्याशेजारी बसली, आणि बसता बसता तिच्या मनात एक शंका आली.

"अहो," ती म्हणाली. मग त्यांच्या तोंडासमोर येऊन मोठ्याने म्हणाली, "अहो! मग तो हिरवा रंग?"

"त्याचं काय?"

"मी विचारलं होतं तुम्हाला!"

"मला? मला वाटलं तू न विचारता दिलास. इतका राग आला होता मला. गिळून बसलो."

"आणि पडदे काढले ते? माझी बहीण महिनाभर राहून गेली ती?"

सारखेरावांनी प्रत्येक वेळी मान हलवली, या वेळी आडवी.

"आणि मी वेडी," ती म्हणाली, "मला वाटलं, इतक्या वर्षांनी तुम्हाला माझं पटायला लागलं." आणि ती पदराने डोळे पुसायला लागली. दोन वर्षं आपण सुखात होतो असं तिला वाटत होतं, आणि दोन वर्षं आपण एकटेच बोलत होतो हे तिला आता कळत होतं.

मालकीण धुराड्याची उंची डोळ्यांनी मोजू लागली. थोड्या वेळाने बायकोने नाक पुसलं, ती सरळ बसली आणि भट्टीच्या पलीकडच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, "ही शेवटची भट्टी. हो की नाही?"

"नाही!" सारखेराव म्हणाले. "हे कोण म्हणालं?"

"तुम्ही! मान डोलावून!"

"डोलावली असेल. मी चहा बघत होतो."

"मी अर्धी भांडी गुंडाळली!"

"मग सोड. आणि घर आधी पांढरं करायचं. पोपटाच्या पोटात राहिल्यासारखं वाटतं मला."

"हिरवंच राहणार!"

काजळ्याने घुमटावरच्या माणसांना हाताने खुणावलं. ती माणसं पहारी ठेवून खाली उतरली आणि ऐकत उभी राहिली. भांडण चांगलं रंगलं. जुने मुद्दे निघाले, लग्नातली वीट निघाली. बायकोचे गाल ओले होते आणि तिचा आवाज टिपेला पोचला होता, आणि ती मनापासून हसत होती.

"लेकीच्या गावाला लोक काय गवताच्या घरात राहतात?" शेवटी ती म्हणाली. "तिथे भट्ट्या लागत नाहीत?"

सारखेरावांनी भट्टीकडे एकदा बघितलं. त्यांनी विचार केला. "लागतील की," ते म्हणाले. "पण विटा कोण वाजवणार?"

तिने हातातल्या दोन विटा त्यांच्यासमोर धरल्या.

घुमट राहिला. ठशाची जुनी वीट मात्र सारखेरावांनी बसवली नाही. त्यांनी ओल्या मातीची नवी वीट पाडायला लावली, तिच्यावर आपला अंगठा दाबला आणि शेजारी बायकोला दाबायला सांगितला. पुढच्या भाजणीत ती वीट त्यांनी सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात ठेवली. ती निघाली तेव्हा बायकोने वाजवून बघितली, म्हणाली, "खणखणीत," आणि त्यांनी दुसऱ्या कोणाला विचारलं नाही. मग शिडीवर चढून त्यांनी ती कमानीवर बसवली, खाली उतरले, चार पावलं मागे सरकले आणि एक डोळा मिटून बघायला लागले.

बायकोने अंगठा जास्तच जोरात दाबला होता. तिचा ठसा खोल आला होता, यांचा उथळ.

"सारखे नाही आले," सारखेराव म्हणाले.

ती सवयीने पाठमोरीच, डबा आवरता आवरता काहीतरी बोलली. त्यांची मान डोलायला निघाली होती. ती त्यांनी अर्ध्यात थांबवली, वळसा घालून ते तिच्या पुढ्यात गेले आणि वाकून उभे राहिले.

"काय म्हणालीस?"

"म्हटलं," ती ओरडून म्हणाली, "असू दे तसंच!"

कुत्रं पुन्हा भुंकायला लागलं.