बाळंतिणीच्या खोलीतलं सारवण

हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही, आणि तो मेला. देवापुढे हात जोडले तेव्हाही हे सोडून बाकी सगळं बोलले. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, लिहायची सवय नाही. पण तोंडानं निघत नाही, म्हणून लिहिते.

आमचं गाव साकोलीच्या बाजूचं, धानाचं. गोष्ट ऐंशी सालाच्या आसपासची. आमच्याकडे बाळंतपण म्हटलं की खोली आधी शेणानं सारवायची. सारवली की शुद्ध झाली. माझी तीन पोरं तशाच खोलीत जन्मली आणि तिन्ही जगली. मग शेणाला नावं कशाला ठेवायची, असं मला वाटायचं. खरंच वाटायचं का? — की ते मी नंतर स्वतःला सांगितलं?

शांता माझी धाकटी जाऊ, पहिलटकरीण. तिला माहेर उरलं नव्हतं, म्हणून बाळंतपण आमच्याच घरी. धनुर्वाताची सुई टोचून घ्यायला ती भ्याली, गेलीच नाही. म्हणून दिवस भरत आले तेव्हा नर्सबाई सुलोचना स्वतः घरी आली. त्या खोलीत दिरानं नुकतीच फरशी बसवली होती. सुलोचनानं पदर खोचला आणि फरशी, बाज, खिडकीचे गज — सगळं आधी साबणानं घासलं. मग ब्लिचिंग पावडरचं पाणी फिरवलं, थोडा वेळ ओलं राहू दिलं, खिडकी उघडी ठेवून वाळवलं. नाळेसाठी चिंध्या उकळून दोरीवर टाकल्या.

"वहिनी, आता इथं शेण आनू नका. गोठ्यातला हात तं बिलकुल नाही. साबनानं धुवा, मंगच आत या."

"शेनानं कोन मरते बाई?" मी म्हटलं. "आमचे नाही जगले का?"

"तुमचे जगले. जे नाही जगले ते सांगाले नाही येत."

शांता हसली. मला ते लागलं.

सुलोचना बौद्धांच्या घरची. ती गेली आणि माझ्या मनात आलं — खोली बाटली. कोणी म्हटलं नव्हतं. सासू केव्हाच मेली होती, तिच्यावर ढकलायची सोय नाही. मी गोठ्यातून शेण आणलं आणि तिनं जिथं जिथं हात लावला तिथं तिथं — फरशीवर, बाजेच्या पायांवर — शेणाचा हात फिरवला. मग हात नुसत्या पाण्यानं धुतले आणि त्याच हातांनी दोरीवरच्या चिंध्या काढून घड्या घातल्या.

शांताला कळा सुरू झाल्या तेव्हा मला भीती वाटली. कशाची? लेकराची नाही — सुलोचनाला दिसेल याची. ओल्या फडक्यानं भराभर सगळं पुसून काढलं. ती आली आणि दारातच थांबली.

"शेनाचा वास येऊन राहिला, वहिनी. सारवलं का इथं?"

तेव्हा वेळ होता. तिच्या पिशवीत पावडर होती, चुलीवर पाणी होतं. मी एवढंच म्हणायचं होतं — हो.

"आंगन सारवलं आज," मी म्हटलं. "आत काही नाही."

मुलगा झाला. नाळ तिनं नव्या पात्यानं कापली, आणि नाळेवर तिनं बांधली ती चिंधी मी घडी केलेली. आठवडाभरात त्यानं दूध ओढणं सोडलं. जबडा आवळला, पाठ कमानीसारखी उचलली. भांडं वाजलं तरी आचके यायचे. साकोलीला नेताना बैलगाडीतच गेला.

"तिचा हातच खराब," दीर म्हणाला. पावडरीनं मारलं, असं गाव म्हणालं. सुलोचना भेटायला आली. तिला कोणी आत बोलावलं नाही, अंगणातच उभी राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं, असं मला वाटतं. मी काय केलं? सूप उचललं आणि आत गेले.

त्यानंतर आमच्याकडच्या बाया तिला बोलवेनात. पुन्हा सुईण, पुन्हा विळा, पुन्हा नाळेवर शेणाची राख. आणखी लेकरं गेली. त्यातली माझ्यामुळे कोणती, ते मला माहीत नाही. सुलोचना बदली मागून निघून गेली.

शेणातून धनुर्वात होतो हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं — असं लिहिणार होते. पण मग फरशी पुसली कशाला?

शांताला पुढे मूल झालं नाही. आता आम्ही दोघी विधवा, एकाच चुलीवर जेवतो. सुलोचनाचं नाव निघालं की ती अजून थुंकते.

"त्या बाईनं माहं लेकरू खाल्लं," म्हणते.

परवाही म्हणाली. मी तिला भात वाढत होते. वाढत राहिले.