घोट्याची पकड

पुण्यात मी फुटबॉल क्लबकडून स्टॉपर म्हणून, म्हणजे गोलपुढं बचावाला, खेळायचो. बॉल सुटला तरी चालेल, माणूस सुटता कामा नये, एवढाच माझा खेळ. लोकांच्या बरगड्या मोडल्या, स्वतःच्या मोडून घेतल्या. शेवटी गुडघा गेला आणि जुन्नरला परत येऊन गावच्या टीमचा मॅनेजर झालो. मॅनेजर म्हणजे जर्सी धुण्यापासून शिव्या घालण्यापर्यंत सगळं.

माझा स्टॉपर घाटघरचा. तिशीचा गडी, भातशेती करणारा आणि मुळात कबड्डीचा. त्याची घोट्याची पकड सगळ्या पट्ट्यात प्रसिद्ध. "राव, फुटबॉलमध्ये हात लावायचा नसतो," हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. पण जित्याची खोड!

आंबेगाव तालुक्यातल्या एका गावी फायनल होती. त्या गावच्या फॉरवर्डनं पहिल्यापासून याला कोपरानं झोडपला. ओठ फाटला, दात हलला. रेफ्री ढिम्म. शेवटी बरोबरी असताना तोच फॉरवर्ड याला चकवून गोलकडे सुटला, आणि आमच्या गड्यानं झेप घेऊन त्याचे दोन्ही घोटे धरले. फॉरवर्ड तोंडावर आपटला. उठला तेव्हा नाक वाकडं आणि छातीभर रक्त.

लाल कार्ड निघायच्या आत गाव मैदानात घुसलं. हातात बांबू, झेंड्याच्या काठ्या. "तोडा त्याचं तंगडं!" आमची बाकीची टीम गाडीकडे पळाली. हा एकटा मध्ये सापडला. पहिला बांबू खांद्यावर बसला तसा तो खाली बसला. आज हे लोक याला जिवंत सोडत नाहीत, हे मला स्वच्छ दिसलं.

मी लंगडत घुसलो, त्याची जर्सी धरली आणि काडकन थोबाडीत दिली. "माझा माणूस आहे, मीच बघतो याच्याकडं!" दुसरी दिली, तिसरी दिली. गर्दी थबकली. घरचाच माणूस मारायला लागला की लोक बघत उभे राहतात.

मी हात आवरला. तो रक्त थुंकला आणि मान खाली घालूनच पुटपुटला, "थांबू नका भाऊ. त्यांनी काठ्या अजून टाकल्या न्हाईत."

मैदानावर मी कितीतरी जणांना तुडवलं, वाईट कधी वाटलं नाही. त्या दिवशी मात्र डोळे भरून आले. ते कुणाला दिसू नये म्हणून मी मोठमोठ्यानं शिव्या देत राहिलो, आणि शेवटची काठी खाली पडेपर्यंत त्याला मारत राहिलो.