सव्विसाव्या आठवड्याचं पत्र

पत्र तयार होतं. 'सेंड' दाबलं की साठेकाकांचे उपचार बंद होणार होते.

मी ऑस्ट्रेलियात, पॅरामॅटाच्या एका इन्शुरन्स कंपनीत क्लेम्स ऑफिसर. लॉकडाऊनमुळे काम डायनिंग टेबलवरून चालायचं. आमच्या राज्यात प्रत्येक गाडीला एक सक्तीचा विमा लागतो. चूक कोणाचीही असो, जखमी माणसाच्या उपचारांचा खर्च त्यातून होतो. पण दुखापत 'मायनर', म्हणजे किरकोळ ठरली, तर तेव्हाच्या कायद्याने सव्वीस आठवड्यांनी हा खर्च थांबायचा. मान लचकणं मायनर. मज्जारज्जू दबला असेल, तर नाही.

साठेकाका नाशिकचे, वय अडुसष्ट. मुलाकडे आले आणि बॉर्डर बंद झाल्याने अडकले. कार पार्कमध्ये रिव्हर्स येणाऱ्या गाडीने त्यांना पाडलं होतं. फाइलमध्ये दर वेळी एकच शेरा : मान दुखते, बाकी तक्रार नाही.

पाठवण्याआधी मी फोन केला. एरवी सून इंग्रजीत बोलायची. त्या दिवशी काकांनीच उचलला. मी मराठीत विचारलं, "काका, हात कसे आहेत?"

"बरे आहेत. शर्टाची बटणं तेवढी लागत नाहीत." मग हळूच म्हणाले, "चालताना भिंत धरावी लागते. मुलाला सांगू नका. ऑपरेशन निघालं तर तो खचेल."

हात आणि पाय दोन्ही? मज्जारज्जू दबलेल्यांचे असे मेडिकल रिपोर्ट मी वाचले होते. फाइल पुन्हा चाळली. डॉक्टर फोनवर, फिजिओ व्हिडिओवर. सहा महिन्यांत त्यांच्या मानेला कोणी हातही लावला नव्हता.

टीम लीडर डॅनियलला कळवलं.

"मेघना, तू डॉक्टर नाहीस."

"म्हणूनच पत्र थांबवतेय."

"उशीर झाला तर मला जाब विचारतील."

"माझं नाव सांग."

काकांना परत फोन लावला. "मुलाला सांगूया, आणि आजच हॉस्पिटलमध्ये जाऊन तपासून घ्या. खर्च विमाच देतो, पाहुण्यांनाही."

त्यांनी विचारलं, "तपासणीत काही वाईट निघालं तर?"

"ते आत्ताही असेलच, काका. फक्त आपल्याला माहीत नाही."

काकांनी मुलाला सांगितलं, आणि दुपारी त्याने त्यांना इमर्जन्सीत नेलं. मग दोन दिवस काहीच कळेना. त्याच आठवड्यात मी अशी चार पत्रं पाठवली होती. त्या चौघांना तरी कोणी प्रत्यक्ष तपासलं होतं का? एकेकाला फोन केला. चौघांनाही डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासलं होतं, चौघेही ठीक होते.

तिसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. एमआरआयमध्ये मज्जारज्जू दबलेला दिसला होता, ऑपरेशनही झालं होतं. आणखी एकदा पडले असते तर कदाचित कायमचे अंथरुणाला खिळले असते, असं सर्जन म्हणाले.

काका आता आधाराशिवाय चालतात. उजव्या हाताची दोन बोटं मात्र बधिर राहिली. ती मी महिनाभर आधी फोन केला असता तर वाचली असती का, हे मला कोणी सांगू शकलं नाही.

पुढे डॅनियलने आमच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला : 'रुग्णाला प्रत्यक्ष कोणी तपासलं?' तो रिकामा असेल, तर मी पत्र पाठवत नाही.